कललेले झाड आणि अडकलेले झाड



या अंकात हुमणीच्या भुंगेऱ्यांविषयी लिहायचे ठरवले होते. पण रोहे तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आणि हुमणीला एक आठवडा थांबवावे लागले. पत्र असे आहे : वळवाच्या वाऱ्यात त्यांच्या घरामागचे आकेशियाचे मोठे झाड मुळासकट अर्धे उपटले आणि शेजारच्या आंब्याच्या बेचक्यात जाऊन टेकले. आज दहा दिवस ते तसेच आहे. गोठ्याची वाट त्याच्या खालून जाते. दीर म्हणतात, आंब्याची ती एक फांदी तोडली की झाड आपोआप खाली येईल. सासरे म्हणतात, फळता आंबा कशाला तोडता, आकेशियाचा बुंधा खालून हात हात कापत गेले की झाड उभे होत होत खाली बसेल. मालक रविवारी पनवेलहून यायचे आहेत, ते आले की तिघांनी मिळून काम उरकायचे. शेवटी बाईंनी विचारले आहे, "दोघांपैकी कुणाचे खरे ते कळवावे."

पत्राखाली फोन नंबर होता म्हणून बरे झाले. अंकाची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी उत्तर दिले. दोघांचेही खरे नाही. पण हा प्रश्न एका घरचा नाही. पावसाळा तोंडावर आला की सरपणासाठी, बांधावरची सावली कमी करण्यासाठी, नाहीतर घरावर आलेले झाड काढण्यासाठी गावोगाव कुऱ्हाडी निघतात. म्हणून तेच उत्तर जरा सविस्तर लिहितो.

उभे, सरळ झाड तोडणे हे जोखमीचे काम आहे खरे, पण त्याचे वजन कुठे आहे ते आपल्याला दिसते. कललेल्या आणि दुसऱ्यावर अडकलेल्या झाडाचे तसे नसते. अडकलेले झाड म्हणजे ओढून धरलेले धनुष्य. ते स्वस्थ दिसते, पण खोडात, फांदीत आणि मुळात ताण भरून राहिलेला असतो. तो ताण कोणत्या क्षणी आणि कोणत्या बाजूला सुटेल, हे जुन्या जाणत्या लाकूडतोड्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. बैलगाडीत मागच्या बाजूला भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, धुरा एकदम वर जाते, हे तुम्ही पाहिले असेल. अडकलेल्या झाडाचा बुंधा असाच उसळतो. फरक एवढाच की गाडीचा भार काही मणांचा, आणि झाडाचा काही टनांचा.

आता दिरांचे म्हणणे घेऊ. ज्या फांदीवर सगळा भार आहे तीच तोडायची, तर तोडणारा माणूस कुठे असणार? आंब्यावर, म्हणजे बरोबर अडकलेल्या खोडाच्या खाली किंवा शेजारी. भाराखालची फांदी पूर्ण कापेपर्यंत थांबत नाही. निम्म्यावर आली की ती कडकन मोडते. झाड खाली येते आणि भार गेलेला आंबा झटक्याने उलट्या दिशेला फेकला जातो. वर बसलेला माणूस झाडाखाली सापडला नाही तर खाली फेकला जातो. दोन्हींत निवड करण्यासारखे काही नाही.

सासऱ्यांची युक्ती खूप ठिकाणी चालते, आणि दहा वेळा निभावते म्हणूनच ती जास्त वाईट. उसाच्या गंडेऱ्या पाडाव्यात तसा खालून बुंधा कापत जायचा. प्रत्येक गंडेरी निघाली की वरचे सगळे झाड हातभर खाली आपटते. आपटताना बुंध्याचे टोक डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की कापणाऱ्याच्या पायावर येईल, हे कुणाच्या हातात नसते. शिवाय दर कापाला झाड अधिकाधिक उभे होत जाते. शेवटी त्याचा तोल मागे जातो आणि ते कापणाऱ्याच्या अंगावर येते. त्या वेळी माणूस वाकलेला असतो आणि नजर करवतीवर असते.

तिसरी एक युक्ती पत्रात नाही, पण ती नेहमी ऐकतो : जवळचे दुसरे झाड या अडकलेल्या झाडावर पाडायचे, म्हणजे त्याच्या वजनाने दोन्ही खाली येतील. बहुतेक वेळा दोन्ही अडकतात. मग एकाऐवजी दोन सापळे तयार होतात. आणि चौथी युक्ती म्हणजे काहीच न करणे, "पडेल कधीतरी आपोआप" म्हणून सोडून देणे. पडते, हे खरे. पण ते शेळी चारणारे पोर खाली असतानाही पडेल.

मग करायचे काय? पहिले काम झाडाला हात न लावता करायचे आहे. वाट बंद करा. झाडाच्या उंचीच्या दुपटीइतके अंतर चारी बाजूंनी सोडून दोरी बांधा, काटेरी फांद्या आडव्या टाका. गुरे दुसऱ्या जागी बांधा, गोठ्याला तात्पुरती दुसरी वाट काढा. वाळत घातलेले कपडे, खाट, पाळणा, झाडाखाली जे काही असेल ते हलवा. घरातल्या आणि शेजारच्या मुलांना जागा दाखवून सांगा. हे काम घरातल्या बायका अर्ध्या दिवसात करू शकतात, त्यासाठी मालक पनवेलहून यायची गरज नाही. निम्मा धोका एवढ्यानेच टळतो.

त्यानंतर झाड मुळाला कसे आहे ते लांबून पाहा. इथे दोन प्रकार पडतात. एक, आपण तोडताना बुंध्यातून पूर्ण कापलेले आणि पडताना शेजारच्या झाडात अडकलेले. दुसरा, वाऱ्याने मुळासकट कललेले, या भगिनीच्या आकेशियासारखे.

पहिल्या प्रकारात, झाड फार मोठे नसेल तर, बुंध्याला दोर बांधून तो मागच्या बाजूला, म्हणजे झाड ज्या दिशेने कलले त्याच्या उलट, ओढत न्यावा. शेंडा घसरत खाली येतो. हे काम ट्रॅक्टरने करावे, बैलांनी करू नये. झाड सुटले तर माणूस पळेल, जुवाखालचा बैल पळू शकत नाही. दोर झाडाच्या उंचीच्या दीडपट ते दुप्पट लांब असावा. कुजलेला नाडा किंवा गाठी मारून जोडलेली दोरी चालणार नाही. नायलॉनचा दोर ताणला जातो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो. त्याच्या तडाख्याने हाड मोडते. म्हणून ओढ चालू असताना दोराच्या जवळपास आणि दोराच्या रेषेत कुणीही उभे राहू नये. हौशी मंडळी दोर ओलांडून इकडून तिकडे जातात, त्यांना स्पष्ट शब्दांत हाकला.

ट्रॅक्टरवाल्याला एक गोष्ट बजावून सांगा. दोर ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यालाच, म्हणजे ड्रॉबारलाच बांधायचा. वरच्या टॉपलिंकला किंवा आसनामागच्या कशाला बांधला आणि झाड हलले नाही, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि तो मागे उलथतो. चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पहिला गिअर टाकून सावकाश ओढायचे, हिसका द्यायचा नाही. जागा अपुरी असेल तर एखाद्या भक्कम झाडाला कप्पी बांधून ओढीची दिशा वळवावी, म्हणजे ट्रॅक्टर झाडाच्या रेषेबाहेर राहतो. विहिरीतून मोटर काढायला जी चेनपुली वापरतात तीही लहान झाडाला चालते. मात्र पुली चालवणारा झाडापासून पुरेसा लांब आणि बाजूला असला पाहिजे.

दुसऱ्या प्रकारात, मुळे अजून जमिनीत धरून असताना, घरच्या माणसांनी त्या खोडाला करवत लावूच नये. इथे क्रेन बोलवावी, ज्याला आपल्याकडे हायड्रा म्हणतात. क्रेनने खोड वरून धरले की अनुभवी कापणाऱ्याने शेंड्याकडून सुरुवात करून तुकडे काढायचे. क्रेन मिळत नसेल तर जेसीबी आता बहुतेक गावांच्या आसपास असतो. तोही उपयोगी पडतो, पण त्याने खाली शिरून ढकलायचे नाही, लांबून दोर लावून ओढायचे. तासाचे भाडे जास्त वाटते हे मला ठाऊक आहे. त्याच आळीत आणखी दोन घरांची झाडे कलली असतील तर एकाच दिवशी बोलवा, खर्च वाटला जाईल. पैसे वाचवण्यासाठी माणूस पुढे करण्याची आपली जी सवय आहे, तिच्याबद्दल मला फार बोलायचे नाही. पण ज्या घरचा कर्ता कमरेखाली लुळा होऊन खाटेवर पडला आहे, त्या घरात जाऊन बसा आणि त्या लाकडाची किंमत किती आली ते विचारा.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गेले. अशा वेळी लोक वादळाला भितात, आणि मला भीती वाटते ती वादळानंतरच्या पंधरवड्याची. वारा थांबलेला असतो, ऊन पडलेले असते, डोळ्यांसमोर वाडीचा सत्यानाश झालेला असतो आणि माणूस घाईने कोयता-करवत घेऊन आत शिरतो. एकमेकांवर पडलेल्या, अडकलेल्या, गुंतलेल्या झाडांच्या ढिगात घाई करण्यासारखे काही नसते. नुकसान पंचनाम्यात धरले जावे यासाठीही ती झाडे आधी तशीच दाखवलेली बरी.

आता उभ्या पण कललेल्या झाडाकडे वळू.

झाड किती कलले आहे हे डोळ्यांनी नीट समजत नाही. सुतळीला दगड बांधून ओळंबा करा, हात लांब करून तो समोर धरा आणि झाडाशी ताडून पाहा. एकदा एका बाजूने, मग काटकोनात दुसऱ्या बाजूने. खोड सरळ दिसले तरी वरचा पसारा एका अंगाला असेल, तर वजन तिकडेच आहे असे समजा. मग हा कल जुना की नवा ते पाहा. जुन्या कलाचे झाड बुंध्याशी कलून पुढे बाक घेऊन वर गेलेले असते, त्याने वर्षानुवर्षे आपला तोल सांभाळलेला असतो. नव्या कलाचे झाड सरळ काठीसारखे तिरपे असते. त्याच्या पाठीमागची जमीन उचललेली किंवा भेगाळलेली दिसते, तुटलेली मुळे दिसतात. असे झाड आता स्वतःच्या हिमतीवर उभे नाही. भर पावसात जमीन भिजली की ते कुणी हात न लावता जाईल.

कुऱ्हाडीच्या तुंब्याने खोडावर ठोकून पाहा. बद्द आवाज आला, बुंध्याला भूछत्रे आली असतील, ढोली किंवा भुसा दिसत असेल तर आत पोकळ आहे. पोकळ झाड आपल्या मनासारखे पडत नाही. वर बघा : वाळलेल्या, लोंबकळणाऱ्या फांद्या आहेत का? पहिल्या घावाच्या हादऱ्याने त्या सुटतात आणि खालच्याच्या डोक्यात बसतात. कोकणात गारंबीसारख्या वेलींनी दोन-तीन झाडांचे शेंडे एकत्र बांधलेले असतात, एक पाडले की दुसरे ओढले जाते किंवा पहिले अडकते. आणि आग्या मोहोळ आहे का तेही पाहून घ्या. वर चढलेला माणूस माशांपुढे पळू शकत नाही.

साधे झाड पाडताना आधी पडण्याच्या बाजूला खोडाच्या साधारण चौथाईइतकी खाच घेतात. मग मागच्या बाजूने, खाचेच्या तळापेक्षा इंच-दोन इंच वर, काप घेत पुढे येतात आणि मध्ये थोडे लाकूड ठेवतात. हे ठेवलेले लाकूड म्हणजे दाराची बिजागरी. झाड तिच्यावर वळून सरळ पडते. १५ इंच जाडीच्या खोडाला दीड इंचाची बिजागरी असावी. तीही कापून टाकली तर झाड कुठे जाईल सांगता येत नाही.

पण ही रीत पुढे खूप कललेल्या झाडाला तशीच्या तशी लावली तर घात होतो. अशा झाडाची पाठीकडची बाजू ताणलेली आणि पोटाकडची दाबलेली असते. पोटाकडून खोल खाच घेऊ लागलात तर करवत दाबात सापडते. पाठीकडून सावकाश कापू लागलात तर काप अर्ध्यावर असतानाच झाड पडू लागते आणि बुंधा उभा चिरतो. खोडाची एक फाळ माणसापेक्षा उंच चिरत वर जाते, मागे फेकली जाते आणि मग सगळे झाड त्या चिरलेल्या टोकावरून कुठेही आदळते. ती फाळ थेट कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीवर येते. निलगिरीसारख्या सरळ धाग्याच्या लाकडात हा प्रकार जास्त होतो. जाणते लोक अशा वेळी खाच उथळ घेतात आणि कापाच्या वर खोडाला साखळी आवळून तिच्यात पाचरी ठोकतात. चेनसॉ चालवणारे तरबेज लोक खोडाच्या मधून आरपार काप घेतात, पाठीकडे थोडे लाकूड धरून ठेवतात आणि तेवढे शेवटी एका झटक्यात सोडवतात. हे लिहिले ते तुम्ही करावे म्हणून लिहिले नाही. ज्याला काम देणार त्याला हे ठाऊक आहे का, एवढे विचारता यावे म्हणून लिहिले. "कललेल्या झाडाला काप कसा घेणार?" या प्रश्नावर जो नुसता हसतो त्याला परत पाठवा.

गावात चेनसॉ आता घरोघर होऊ लागली आहे. यंत्र हलके आणि स्वस्त झाले, ते चालवण्याचे शिक्षण मात्र कुणी देत नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र उसळून तोंडाकडे येते. झाडावर चढून, शिडीवर उभे राहून किंवा खांद्याच्या वर धरून ते चालवू नये. आणि त्याच्या आवाजात माणसाला ओरडलेले ऐकू येत नाही. म्हणून एक माणूस फक्त वर बघायला ठेवा. त्याने फांदी उचलायची नाही, दोर धरायचा नाही, विडीही ओढायची नाही. खोड चरचरले किंवा शेंडा हलला की शिट्टी मारायची, आणि शिट्टी झाली की हातातले टाकून निघायचे. कसे निघायचे? सरळ मागे नाही, कारण बुंधा सरळ मागे उसळतो. पडण्याच्या उलट बाजूला, पण तिरपे. ती वाट काम सुरू करण्याआधी दगड, काटे, वेली काढून मोकळी करून ठेवायची. एकट्याने हे काम कधीच करू नये, वारा सुटला असताना करू नये आणि उन्हे कलल्यावर तर सुरूच करू नये. दिवस मावळायला आला की "एवढे एक उरकू" असे कुणीतरी म्हणतोच.

झाड घरावर, विहिरीवर किंवा गोठ्यावर कललेले असेल, तर दोर लावून ते उलट दिशेला पाडण्याचा हट्ट धरू नका. वीस माणसांनी दोर ओढला तरी कललेले मोठे झाड कलाकडेच जाते. ते वरून तुकड्या-तुकड्यांनी उतरवावे लागते. विजेच्या तारेजवळचे झाड असेल तर आधी १९१२ वर किंवा वायरमनला फोन करून पुरवठा बंद करून घ्या, आणि बंद झाल्याची खात्री करून घ्या. तारेला टेकलेल्या ओल्या झाडात वीज उतरते. त्या झाडालाच काय, त्याच्या आसपासच्या ओल्या जमिनीलाही पाय लावू नका.

आंबा, फणस, चिंच, साग, खैर, मोह, हिरडा, जांभूळ अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, स्वतःच्या मालकीच्या जमिनीतही. पडलेल्या झाडाबद्दलही वनरक्षक किंवा तलाठ्याला आधी विचारा. फोटो काढून ठेवायला विसरू नका.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती मला सर्वांत जास्त सांगायची आहे. मुळासकट उपटलेल्या झाडाच्या बुडाशी मातीसह मुळांचे मोठे थाळे उभे राहते आणि त्याच्याखाली खड्डा पडतो. मुलांना तो खड्डा गुहेसारखा वाटतो, ती त्यात खेळतात, शेळ्या सावलीला बसतात. थाळे उभे असते ते केवळ खोडाच्या वजनाने. खोड कापून वेगळे केले की ते थाळे दार आपटावे तसे मागे खड्ड्यात जाऊन बसते, कधी लगेच, कधी तासाभराने, कधी रात्रीच्या पावसात. म्हणून खोड कापताना बुंध्याशी चार-पाच हात लांबीचा ओंडका ठेवूनच कापायला सांगा, थाळे आधी दोराने किंवा टेकूने धरून ठेवा, आणि कापण्याआधी खड्ड्यात कुणी नाही हे वाकून नव्हे, बाजूने लांब उभे राहून पाहा. कापणाऱ्याने थाळ्याच्या मागे उभे राहू नये. लाकूड नेल्यावर थाळे तसेच उभे राहिले असेल तर त्याच दिवशी जेसीबीकडून ते खड्ड्यात लोटून घ्या. तोपर्यंत काटेरी फांद्यांचे कुंपण काढू नका.